साडू, मठ आणि रहिवासी दाखला

पोर्तुगालमधलं एव्होरा हे जगप्रसिद्ध गाव आहे आणि मी त्यात जन्मापासून, म्हणजे एकसष्ट वर्षं राहतो. एवढ्या वर्षांत मी ते पाहिलेलं मात्र नाही. यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही. गाव पाहायचं असतं ते परगावच्या माणसांनी. रोमन लोकांनी बांधलेल्या देवळावरून मी दिवसातून चार वेळा जातो, पण हातात मासळीची पिशवी असताना कुणी खांब मोजत उभं राहत नाही. आमच्याकडे एक जुना मठ आहे, त्याचं आता संग्रहालय केलंय. तो बघायला पार जपानहून माणसं येतात. त्याच मठाच्या भिंतीला पाठ टेकून मी अर्धं आयुष्य गप्पा मारल्या आहेत. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं कधी अडलंही नव्हतं. अडलं ते गेल्या ऑगस्टमध्ये, साडूमुळे.

साडू हे नातं मोठं चमत्कारिक आहे. भाऊ म्हणावा तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावा तर निवड आपली नाही. दोन बहिणींनी आपापली आवड दाखवली आणि त्याचा परिणाम म्हणून दोन पुरुष जन्मभर एकमेकांच्या गाड्यांचं कौतुक करत बसतात. माझ्या साडूचं नाव आर्मिंदो. माझ्या बायकोची धाकटी बहीण ग्रासिएत, तिचा हा नवरा. मूळचा एव्होऱ्याजवळच्याच एका खेड्यातला, पण छत्तीस वर्षांपूर्वी दोघं फ्रान्सला गेली, लिआँ शहरात. तिथे तो यंत्रं दुरुस्त करतो. दर ऑगस्टला तीन आठवडे आमच्याकडे येतात, येताना फ्रान्समधलं चॉकलेट आणतात, आणि फ्रान्समध्ये सगळं कसं वेळेवर होतं हेही बरोबर आणतात.

या वेळी आर्मिंदोने आल्या आल्या जाहीर केलं की डिसेंबरात आपण निवृत्त होणार आणि पोर्तुगालमध्ये घर घेणार. दोन घरं त्याच्या डोळ्यासमोर होती. एक दक्षिणेला, अल्गार्व्हच्या किनाऱ्यावर, चौथ्या मजल्यावर, लिफ्टसकट. बाल्कनीतून जरा वाकलं की समुद्र दिसतो असं. दुसरं आमच्याच गल्लीत, चौदा नंबरचं, आमच्यापासून दोन दारं पलीकडे. पांढरं, बसकं, निळी पट्टी मारलेलं, मागे लिंबाचं झाड. किनाऱ्यावरच्या दलालाला सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं आणि आर्मिंदोचा कल तिकडेच होता. "तिथून समुद्र दिसतो," तो शनिवारी जेवताना म्हणाला. "इथून काय दिसतं?"

यावर माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या या बायकोबद्दल, ओदीलियाबद्दल, दोन शब्द सांगायला हवेत. ती आणि ग्रासिएत रोज सकाळी अकरा वाजता फोनवर स्वयंपाक करतात. म्हणजे फोन शेगडीजवळ उभा करून ठेवतात, एकीकडे हिचं सार उकळतं, तिकडे तिचं, आणि कोथिंबीर कधी घालायची यावर दोन देशांमध्ये चर्चा चालते. या फोनबद्दल मी बाहेर नेहमी विनोद करतो. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ती दोघं परत गेल्यावर, ओदीलिया सवयीने चार ताटं मांडते आणि मग त्यातली दोन परत उचलते. ते मला बघवत नाही.

तेव्हा त्या शनिवारी तिने मला स्वयंपाकघरात बोलावून एवढंच सांगितलं, "उद्या रविवार आहे. त्यांना गाव दाखव. नीट दाखव." बायको कमी शब्दांत बोलायला लागली की नवऱ्याने ते काम सरकारी समजावं.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे आपापली खुर्ची दाराबाहेर काढून बसतात, कारण आत भट्टी झालेली असते. मी खुर्ची घेऊन बाहेर आलो आणि चूक केली. उद्या साडूला मठ दाखवायला नेणार आहे, असं सहज बोलून गेलो. शेजारच्या दोना फेलिज्मिना वाटाणे सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. वय त्र्याऐंशी, आणि गल्लीतला कुठलाही निर्णय आपल्या माघारी झाला तर तो रद्द समजावा अशी त्यांची धारणा. तिकीट काढून जाणार का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू मी चर्चमध्ये टोपी घालून शिरलो आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या. वशिला लावायचा तो पैसे वाचवायला, असं परके लोक समजतात. तसं नाही. तिकीट काढतो तो, ज्याला गावात कुणी ओळखत नाही. स्वतःच्या गावात खिडकीपाशी उभं राहून तिकीट मागायचं म्हणजे एकसष्ट वर्षं आपण इथे फुकट घालवली याची कबुली. फेलिज्मिनाबाईंचा धर्मपुत्र, म्हणजे बाप्तिस्म्याला त्यांनी हातात धरलेला मुलगा, मठात पहारेकरी होता. त्याचं नाव सांगायचं, तो हाताला धरून आत नेईल, वर माहितीही देईल. समोरचे केशकर्तनवाले कुस्तोदियो म्हणाले की ते सगळं ठीक आहे, पण आधी जेवणाचं बघा; पोट भरलेलं नसलं की साडूला ताजमहालसुद्धा लहान वाटतो. यावर अर्धा तास वाद झाला. रविवारी रहिवाशांना मठात मोफत प्रवेश आहे, ही माहितीसुद्धा त्यातच कुणीतरी दिली. मी ती कानाआड केली. मोफत आणि वशिल्याने यांत फार फरक आहे.

रविवारी आर्मिंदो सकाळी आठ वाजता टोपी, पाण्याची बाटली आणि गावाचा नकाशा घेऊन तयार होता. माझ्या गावाचा नकाशा, मला दाखवत होता. आम्ही निघालो साडेदहाला, कारण दोघी बहिणींची चपलांवरून चर्चा चालली होती. वाटेत देऊळ लागलं. आर्मिंदोने खांब मोजले, चौदा भरले, आणि बाकीचे कुठे गेले असं मला विचारलं. जणू मीच विकले होते.

मठाच्या दारात एक मुलगी बसली होती. छातीवर सोराया असं नाव लावलेलं. मी तिला धर्मपुत्राचं नाव सांगितलं, अगदी हळू आवाजात, जसं सांगायची पद्धत आहे. ती मोठ्या आवाजात म्हणाली, "ते रजेवर आहेत, सेन्योर. समुद्रावर गेलेत." मागे रांगेत जर्मनीची माणसं उभी होती, त्यांनाही हे कळलं असावं.

आर्मिंदोने पाकीट काढलं. मी त्याचा हात धरला. आमच्याकडे पाहुण्याने पाकीट काढणं म्हणजे यजमानाच्या मुस्काटात मारणं. मी सोरायाला म्हटलं की मी रहिवासी आहे. ती हसली आणि म्हणाली की मग प्रश्नच नाही, एका रहिवाशाबरोबर आणखी तिघांना मोफत सोडतात. तुमच्यापैकी कुणाकडे पुरावा आहे? "मी आहे ना," मी सर्वांच्या वतीने म्हणालो आणि ओळखपत्र पुढे केलं.

आमच्या ओळखपत्रावर फोटो असतो, उंची असते, आईवडिलांची नावं असतात. पत्ता तेवढा नसतो. पत्ता असतो चिपच्या पोटात, आणि तो बाहेर काढायला चार आकडी गुप्त क्रमांक लागतो. तो क्रमांक सरकार एका बंद पाकिटात पाठवतं आणि जपून ठेवा असं बजावतं. मी कायदा पाळणारा माणूस आहे. मी ते पाकीट इतकं जपून ठेवलं होतं, की मला त्याचा पत्ता नव्हता आणि त्यामुळे माझा पत्ता कुणालाच नव्हता. सोरायाने यंत्रात कार्ड घातलं, मी तीन वेळा अंदाजाने आकडे दाबले, लग्नाचं साल, मुलीचा वाढदिवस, आणि शेवटी निव्वळ रागाने चार शून्यं. यंत्राने कार्ड बंद करून टाकलं.

"पण तुम्ही बघताय ना मला," मी म्हटलं. "मी इथलाच आहे. तुम्ही कुठच्या?"

ती उत्तरेकडची निघाली, ब्रागाची. एव्होऱ्यात येऊन दोन महिने झाले होते. दोन महिन्यांपूर्वी आलेली मुलगी एकसष्ट वर्षांच्या माणसाला तू इथला कशावरून असं विचारत होती, आणि तेही इतक्या गोड आवाजात की भांडायलाही जागा ठेवली नव्हती. तिने सुचवलं की पाण्याचं किंवा विजेचं बिल चालेल. आर्मिंदो म्हणाला, "तिकिटं काढू, बघू, पुढे जाऊ. लिआँला आम्ही असंच करतो." त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा मिनिटांत बिल घेऊन येतो, असं सांगून मी निघालो. तू एकटा गेलास तर दुपारपर्यंत यायचा नाहीस, असं म्हणून आर्मिंदो बरोबर आला. दोघी बहिणी मठाच्या सावलीतल्या पायरीवर बसल्या. निघताना ओदीलिया मला एवढंच म्हणाली, "उद्या सोमवार आहे, वाल्देमार." जणू मी विसरलो होतो.

बाहेर एव्हाना एक्केचाळीस अंश झाले होते. ऑगस्टात या वेळी आमच्या गावात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. रस्त्यावर असतात ते पर्यटक. देवळापाशी एका बाईने मला थांबवून, तिचा फोटो काढता का असं इंग्रजीत, सावकाश, हातवारे करून विचारलं. मी काढला. माझ्या चेहऱ्यावरून मी कोण दिसत होतो याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

घरी बिल सापडलं. लगेच सापडलं, हे आता आठवून आश्चर्य वाटतं. मी ते विजयी मुद्रेने आर्मिंदोच्या नाकासमोर धरलं. तो वाचायला लागला आणि त्याच्या मिशा हलायला लागल्या. बिलावर नाव होतं जेरेमियास काल्देइरा. आमचे सासरे. घर त्यांचं, पाण्याचं कनेक्शन त्यांचं, आणि ते बदलून घ्यायला हवं असं मी ते गेले त्या महिन्यापासून म्हणत होतो. त्याला एकोणीस वर्षं झाली. विजेचं बिल पाहिलं, तेही त्यांचंच. कागदोपत्री माझ्या घरात एव्होऱ्याचा रहिवासी एकच होता, आणि तो वारला होता.

"म्हणजे तू घरजावई," आर्मिंदो म्हणाला, "आणि तोही बेकायदेशीर."

ही बातमी गल्लीत कशी गेली ते माहीत नाही, पण आम्ही बाहेर पडलो तेव्हा फेलिज्मिनाबाई सपाता घालून दारात उभ्या होत्या. माझ्या बाजूने साक्ष द्यायला त्या स्वतः येणार होत्या. कुस्तोदियोही निघाले, कारण मठाशेजारच्या खाणावळीत त्यांना तसंही जायचं होतं. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईंना एक्केचाळीस अंशांत चालवत नेणं हे काम सोपं नाही. त्या दर सावलीत थांबत होत्या आणि दर सावलीत कुणीतरी ओळखीचं भेटत होतं, आणि दर वेळी वाल्देमार कुठे राहतो ते त्याला नव्याने सांगितलं जात होतं. पाऊण तास लागला. देवळाचे खांब आर्मिंदोने पुन्हा मोजले नाहीत, पण बघितले.

खिडकीपाशी फेलिज्मिनाबाईंनी सोरायाला सांगितलं की याला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी ओळखते. पुरावा म्हणून त्यांनी माझ्या लहानपणच्या तीन गोष्टी सांगितल्या. पैकी एकही सांगण्यासारखी नव्हती. रांगेतल्या एका पोर्तुगीज बाईने फ्रेंच नवऱ्याला भाषांतर करून दिलं. सोरायाने सगळं मन लावून ऐकलं. मग ती म्हणाली की मला शंभर टक्के पटलं, पण मला कागद लागतो. वॉर्डाच्या कार्यालयाचा रहिवासी दाखला आणा. तो दोन शेजाऱ्यांच्या सहीवर मिळतो. शेजारी तर तुमच्याकडे आहेतच. कार्यालय उद्या नऊला उघडेल.

आर्मिंदोने पुन्हा पाकीट काढलं. "हे बघ, वाल्देमार. तिकीट काढू."

"हे गाव माझं आहे," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन.

"बिल बघता आपल्या सासऱ्यांचं आहे."

त्याने घड्याळ पाहिलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर लिफ्ट होती, बाल्कनी होती, वाकलं की दिसणारा समुद्र होता. पायरीवर दोघी बहिणी डोकं जवळ आणून काहीतरी बोलत होत्या. मला वाटलं, मी हे सगळं घालवलं. एका तिकिटापायी.

फेलिज्मिनाबाईंच्या ध्यानात हे काही आलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या की उद्याची वाट कशाला बघायची? वॉर्डाचे अध्यक्ष सेन्योर गाउदेन्सियो आत्ता कुठे आहेत ते एव्होऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. रविवार, दुपारचा एक. रोझालिनाबाईंच्या खाणावळीत, खिडकीजवळचं टेबल, मेंढीचा रस्सा.

अशा रीतीने आमचं स्थलदर्शन जेवायला बसलं.

आमच्याकडचं रविवारचं जेवण हे जेवण नसतं, मुक्काम असतो. रोझालिनाबाईंनी चार टेबलं जोडली, त्यावर पांढऱ्या कागदाचा रुंद पट्टा अंथरला. पाव आला, काळे ऑलिव्ह आले, मेंढीच्या दुधाचं चीज आलं, लाल वाइनचा जग आला. गाउदेन्सियो गळ्याला रुमाल बांधून मधोमध बसले होते. आमचं प्रकरण त्यांनी पहिल्या वाडग्यापासून शेवटच्या वाडग्यापर्यंत ऐकलं. दाखला देतो म्हणाले, त्यात काय, शिक्का खिशातच असतो. पण उपाशीपोटी सरकारी काम करू नये. लसूण-कोथिंबिरीचं पावाचं सार आलं. त्यात घातलेली अंडी किती शिजवावीत यावर ओदीलिया आणि ग्रासिएत यांचा रोझालिनाबाईंशी वाद झाला आणि तिघी स्वयंपाकघरात गेल्या. दोन वाजले. अडीच वाजले. आर्मिंदो घड्याळ बघत होता. घड्याळाकडे बघून जेवणारा माणूस आमच्याकडे फक्त दवाखान्यात आढळतो.

टेबलाच्या टोकाला लेओपोल्दिनो नावाचे एक म्हातारे बसले होते. नव्वदीचे. बुचाच्या झाडांची साल काढण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता ते फक्त बघत बसायचे. त्यांनी आर्मिंदोकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू कुणाचा रे?"

आर्मिंदोने आपण लिआँला असतो असं सांगितलं.

"कुठे असतोस ते नाही विचारलं. कुणाचा?"

"झुल्मिराचा," तो म्हणाला. "खेड्यातली पावाची भट्टी चालवायची ती."

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. झुल्मिराचा म्हणजे तो पंखवाला का, असं त्यांनी विचारलं. टेबलावरची सगळी माणसं वळली. आर्मिंदोचा चेहरा लालभडक झाला. मग म्हाताऱ्याने सांगितलं. नऊ वर्षांचा असताना गावच्या देवीच्या मिरवणुकीत याला देवदूत केला होता. अंगात पांढरा झगा, पाठीला खऱ्या पिसांचे पंख. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं. हा देवदूत हळूच निसटला आणि पाद्रीबाबांच्याच अंजिराच्या झाडावर चढला. पंख फांदीत अडकले. मिरवणूक निघाली तर देवदूत एक कमी. सगळं गाव शोधतंय, आई रडतेय, आणि हा झाडावर लटकलाय, तोंडात अंजीर, त्यामुळे ओरडताही येईना.

"शिडी मी आणली होती," लेओपोल्दिनो म्हणाले. "तुझ्या आईने आधी तुला बडवलं, मग मला अख्खा पाव दिला. तिच्यासारखा पाव परत नाही खाल्ला."

सगळी खाणावळ हसली. मीही हसलो, आणि इतकं हसलो की त्यात दिवसभराची वसुली होती. आर्मिंदो मात्र हसत नव्हता. तो म्हाताऱ्याकडे बघत होता. मग त्याने बाटली उचलून म्हाताऱ्याचा पेला भरला, स्वतःचा भरला, आणि त्या पंखांची पिसं बदकाची होती की हंसाची असं विचारलं. बदकाची, म्हातारे म्हणाले. आईने हंसाची सांगितली होती, आर्मिंदो म्हणाला. पुढचा तासभर दोघांनी त्या खेड्यातलं एकेक घर रिकामं केलं. कोण गेलं, कोण कुणाशी पळालं, विहीर कुणी बुजवली. मेंढीचा रस्सा आला, मग अंड्याच्या पिवळ्या बलकाची मिठाई आली. आर्मिंदोने घड्याळ काढून खिशात टाकलं होतं, ते मी पाहिलं. त्याला स्वतःला ते कळलं होतं की नाही कोण जाणे.

पाच वाजायला आले तेव्हा गाउदेन्सियोंनी रुमाल सोडला आणि टेबलावरच्या कागदाचा एक तुकडा फाडून घेतला. पेन कुस्तोदियोंनी दिलं. खाली सही करणार मी अमुक, असा दाखला देतो की, वगैरे मजकूर ते मोठ्याने म्हणत लिहीत होते. माझं नाव लिहिलं, गल्ली लिहिली, दहा नंबर. फेलिज्मिनाबाईंनी आणि कुस्तोदियोंनी सह्या केल्या. मग गाउदेन्सियोंनी डोकं वर केलं आणि म्हणाले की झुल्मिराच्या मुलालाही देऊन टाकतो. इथलाच तर आहे.

आर्मिंदो अवघडून म्हणाला की तसं नाही, आम्ही तिकडेच असतो.

"कामाला असतोस," गाउदेन्सियो म्हणाले. "पत्ता सांग."

बहिणी स्वयंपाकघरातून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. ओदीलियाच्या हातात कॉफीचा ट्रे होता. ती दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही, ट्रेकडे पाहत राहिली. आर्मिंदो ग्रासिएतकडे बघत होता आणि ग्रासिएत बहिणीकडे.

"छत्तीस वर्षं मी तिथे राहिलो," आर्मिंदो म्हणाला. तो आमच्याशी बोलत होता की स्वतःशी ते कळत नव्हतं. "सगळे मला चांगलं ओळखतात. कामाला पक्का, वेळेचा पक्का. पंखांचं कुणालाच माहीत नाही."

गाउदेन्सियोंचं पेन तसंच वर होतं.

"चौदा नंबर लिहा," आर्मिंदो म्हणाला.

"चौदा रिकामं आहे. विकायला काढलंय."

"लिहा तर खरं. उद्या मी ते खरं करतो."

ट्रे खाली कधी ठेवला गेला मला ठाऊक नाही. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, फेलिज्मिनाबाई त्यांना पाणी पाजत होत्या, आणि कुस्तोदियो आपण आधी जेवणाचं बघा म्हटलं होतं याची सर्वांना आठवण करून देत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला मी जवळचा कागद ओढला आणि त्यासरशी ऑलिव्ह तेलाची वाटी आडवी झाली. दाखल्यावर. नेमकी माझ्या ओळीवर, आणि माझं नाव पार पसरून गेलं.

गाउदेन्सियोंनी शिक्का मारला. पुन्हा लिहायला कागद खूप होता, पण त्यांच्या मते एका प्रकरणाला एकच दाखला.

मठ सहाला बंद होतो. आम्ही पावणेसहाला पोहोचलो. मी मुकाट्याने कागद खिडकीत सरकवला. सोरायाने तो उजेडात धरला, वास घेतला, शिक्का पाहिला. मग ती आर्मिंदोला म्हणाली, "या, सेन्योर. तुम्ही रहिवासी. तुमच्याबरोबर तिघांना सोडता येईल." तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "हे तुमचे पाहुणे ना?"

आर्मिंदोने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि हो म्हणाला. जन्मात त्याने इतक्या आनंदाने कशाला हो म्हटलं नसेल. सोरायाने माझ्या शर्टावर एक गोल कागद चिकटवला. त्यावर 'पाहुणा' असं चार भाषांत लिहिलं होतं. तो छातीवर मिरवत मी माझ्या गावातल्या मठात पहिलं पाऊल टाकलं.

आर्मिंदो आणि ग्रासिएत भराभर पुढे गेले. ओदीलिया दाराशी मागे राहिली होती, डोळे पुसायला पर्समध्ये रुमाल शोधत होती. रुमालाबरोबर एक पाकीट बाहेर आलं आणि खाली पडलं. मी उचललं. सरकारी पाकीट होतं. ओळखपत्राचा गुप्त क्रमांक, तिच्या नावाचा.

सकाळपासून ते तिच्या पर्समध्ये होतं. सकाळीच ते तिच्या ओळखपत्राबरोबर खिडकीत दिलं असतं तर आम्ही चौघे आत गेलो असतो, तासाभरात बाहेर आलो असतो, आणि मला चार शून्यं दाबावी लागली नसती. मी तिच्याकडे पाहिलं. एवढा मोठा प्रश्न कुठून सुरू करावा ते मला कळेना. "अगं, का?" एवढंच म्हणालो.

"काढणार होते," ती म्हणाली. "पर्स उघडली पण होती. तेवढ्यात तुम्ही बिल आणायला निघालात आणि ग्रासिएत माझ्याजवळ पायरीवर बसली." तिने रुमाल घडी करून नाकाला लावला. "मला वाटलं, समुद्र ठरलाच आहे. मग म्हटलं, तुम्हाला जितका उशीर होईल तितका होऊ दे."

आत कुठेतरी एक पहारेकरी दिवे बंद करत येत होता. मी ते पाकीट तिच्या पर्समध्ये परत ठेवलं, चेन लावली, आणि आर्मिंदोला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.